भिंतीचा पहिला हिवाळा

लोक सगळ्यांना एक सांगतात आणि घरी दुसरंच करतात, यात नवल काही नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण उगाच पडलेली नाही. पण टायरमिस्त्रीसारखा माणूस तसं करेल असं कुणी म्हटलं असतं, तर त्याच्या ओळखीच्यांनी त्या म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. कारण हा माणूस कामाच्या बाबतीत इतका हट्टी की गिऱ्हाइकाने पाया पडून विनवलं तरी आपला नियम सोडायचा नाही. आणि तो नियम त्याने आयुष्यात एकदाच मोडला, तो स्वतःच्या बायकोसाठी.

नियम काय ते सांगायचं, तर आधी टायरची गोष्ट सांगावी लागेल. मिस्त्री घरं बांधायचा ती जगाने फेकलेल्या वस्तूंची. ट्रकचे झिजलेले टायर आडवे मांडायचे, त्यांत माती भरायची आणि घणाने ठोकायची. ठोकायची म्हणजे किती? तर घण उडून परत आपल्याच अंगावर येईल इतकी. असे टायर एकावर एक रचून, विटांसारखे सांधे मोडत, मागची भिंत उभी करायची. ती इतकी जाड की तिच्यात माणसाला निजता येईल एवढा कोनाडा निघावा. तिच्या पाठीला बाहेरून मातीचा उतार चढवायचा. आतल्या आडभिंतींना रिकाम्या बाटल्या. आणि पुढची, दक्षिणेची बाजू सगळी काचेची, तीही जुन्याच खिडक्यांची.

हिवाळ्यात सूर्य खाली वाकून चालतो, तेव्हा ऊन काचेतून थेट मागच्या भिंतीपर्यंत पोचतं. उन्हाळ्यात तोच सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा पुढे काढलेल्या छपराची सावली काचेवर पडते. मागच्या उतारात खोल पुरलेला पाइप जमिनीतला गारवा आत आणतो आणि छताची झडप उघडली की गरम हवा वर निघून जाते. दिव्यापुरती वीज छपरावरच्या सौर पत्र्यांतून, पाणी पावसाचं टाकीत साठवलेलं. तारेची वीज नाही, नळ नाही. भंगारवाला त्याचा जुना दोस्त. तो म्हणायचा, "कचऱ्याचंसुद्धा नशीब असतं बाबा. माझ्याकडे आला तर भंगार, तुझ्याकडे गेला तर बंगला."

आता नियम. "भिंत आधी खाते, मग देते," असं मिस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. एवढ्या मातीला उन्हाची चव लागायला वेळ लागतो. नवी भिंत ओली असते, पोटातून थंड असते. एक अख्खा उन्हाळा खाल्ला की मग ती हिवाळ्यात ऊब परत देते, आणि पुढे जन्मभर देत राहते. पण उन्हाळा न खाता हिवाळ्याला सामोरी गेली, तर ती घरातली आहे नाही ती ऊब ओढून घेते. अंथरुणातली, माणसाच्या अंगातलीसुद्धा. म्हणून घर पूर्ण झालं तरी पहिला हिवाळा त्यात राहायचं नाही. अगदीच राहायचं झालं तर आधी भिंतीला भोक पाडून धुराडं बसवायचं आणि बंद शेगडी लावायची. यापुढे वाद नाही. एका शाळामास्तरांनी किल्ली मागितली तेव्हा मिस्त्रीने किल्ली खिशात घातली आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही पोराला न शिकवता परीक्षेला बसवता का?"

असा हा खमका माणूस. पण दिव्याखाली अंधार असतोच. जगाला उबदार घरं देणारा मिस्त्री स्वतः भाड्याच्या एका खोलीत राहायचा. त्या खोलीची खिडकी नीट लागायची नाही आणि कोळशाच्या शेगडीचा धूर बाहेर जायचं नाव घ्यायचा नाही.

त्याची बायको कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होती. फळांच्या पेट्या निवडायच्या, भरायच्या, रचायच्या. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत असलं तरी आत तोंडातून वाफ निघायची. कंपनीने सगळ्या बायकांना जाड, निळे, कापूस भरलेले कोट दिले होते. तो कोट अंगावर चढवून ती आत गेली तेव्हा नवीन लग्न झालेली पोर होती. बाहेर पडली तेव्हा बोटं पूर्ण मिटत नव्हती आणि जिना चढताना दोनदा थांबावं लागत होतं. थंडी तिच्या हाडांत जाऊन बसली होती. भर उन्हाळ्यातही ती पायांत मोजे घालून झोपायची, आणि मिस्त्री हसला की म्हणायची, "हसा. तुम्ही टायर गरम करा, बायको गारच राहू दे."

जीभ तिखट होती तिची, पण मनात किल्मिष नाही. त्या निळ्या कोटाचा मात्र तिला मनापासून राग होता. "आपल्या घरात पाऊल टाकलं ना, की पहिल्या दिवशी याचं पायपुसणं करणार," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "दारातच टाकणार. आल्या-गेल्याने पाय पुसावेत त्याला. माझा जन्म खाल्लाय त्याने."

आपलं घर. गावाबाहेरच्या उतारावर जमिनीचा तुकडा होता, तिथे टायरही आणून टाकले होते. पण दरवर्षी कुणाचं तरी काम आडवं यायचं. कुणाच्या सुनेचं बाळंतपण जवळ आलेलं, कुणाचं छप्पर उडालेलं. मिस्त्रीला नाही म्हणता यायचं नाही. तिच्या घरासाठी म्हणून ठेवलेले टायर एका घराला गेले, फरशा दुसऱ्या घराला गेल्या. तिने आवडीने वेचून धुतलेल्या हिरव्या बाटल्यासुद्धा एकदा गेल्या, तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. मग पुन्हा वेचायला लागली.

शेवटी डॉक्टरांनी तिला कामावरून कायमचं घरी बसवलं. छातीला यंत्र लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि मिस्त्रीला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना गारठा चालणार नाही आणि धूरही चालणार नाही. दोन्ही सांभाळा." म्हणजे गारठा नको तर शेगडी हवी, आणि शेगडी आली की धूर आला. डॉक्टर सांगून मोकळे झाले. मिस्त्री मात्र तिथेच खुर्चीत बसून राहिला. धूर नाही आणि गारठाही नाही, असं घर त्याने कितीतरी लोकांना बांधून दिलं होतं, आणि आपल्याच माणसाला दिलं नव्हतं.

मग काय, भूत संचारल्यासारखा तो कामाला लागला. पण लागला तेव्हा उन्हाळा सरत आला होता. ताडपत्रीखाली, चिखलात, त्याने भिंत चढवली. भंगारवाल्याने मोडीत निघालेल्या बसच्या खिडक्या आणून दिल्या, सरकत्या काचांच्या, चौकटीसकट. "घे. वहिनींना रोज खिडकीची जागा," म्हणाला. बायको खुर्ची टाकून बसायची आणि हिरव्या बाटल्या कुठे लावायच्या ते सांगायची. मागच्या भिंतीत तिच्यासाठी कोनाडा काढला, तिच्या उंचीला बेतून, असा की सकाळचं पहिलं ऊन पायांवर पडावं आणि पाठ भिंतीला लागावी. घरातली सगळ्यात उबदार जागा तीच होणार होती. मातीचा शेवटचा हात फिरला तेव्हा सकाळी गवतावर दव पडू लागलं होतं, आणि भिंत ओल्या चिखलासारखी चकाकत होती.

पण मिस्त्रीने सामान बांधायला काढलं.

बायको म्हणाली, "अहो, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? भिंतीला एक उन्हाळा खाऊ द्यायचा म्हणून?"

"ते गिऱ्हाइकांना सांगायचं असतं," मिस्त्री म्हणाला. "त्यांना काचेवरचा पडदा कधी सोडायचा, झडप कधी लावायची कळत नाही. इथे मी आहे ना."

"मग निदान धुराड्याला भोक तरी ठेवा. ती बंद शेगडी लावता ना तुम्ही लोकांकडे?"

"टायरमिस्त्रीच्या घराला शेगडी लागली असं लोकांनी म्हणायचं का? आणि तुला धूर चालत नाही."

ती हसली. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. चला. तुम्ही म्हणाल तसं."

हे दोघांचं बोलणं भंगारवाल्याने ऐकलं होतं. तो पुढे कधी कधी म्हणायचा, त्या वेळी मी त्याच्या हातातलं गाठोडं ओढून घ्यायला हवं होतं. पण नवरा-बायकोच्या मधे कोण पडतं? आणि खरं सांगायचं तर मिस्त्री त्या दिवशी इतका खुशीत होता की कुणाचीच जीभ उचलली नसती. भिंत काय करते हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. पण इतकी वर्षं बायकोला थांबवल्याची टोचणी होती, वर अभिमान होता, आणि या दोघांनी मिळून त्याला आंधळं केलं.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. ऊन काचेतून आत यायचं, बाटल्यांचा हिरवा उजेड फरशीवर पडायचा, आणि ती उन्हात पाय पसरून बसायची. निळा कोट दिसेनासा झाला होता. मिस्त्रीने विचारलं, "पायपुसणं कुठाय?" ती म्हणाली, "टाकला कुठेतरी. कशाला आठवण काढता त्याची?" मिस्त्रीला फार बरं वाटलं.

मग धुकं आलं. त्या वर्षी ते असं बसलं की उठायचं नाव नाही. दिवसच्या दिवस सूर्य नुसता पुसट डाग होऊन फिरायचा. काचेतून उजेड यायचा, ऊन नाही. भिंतीला खायला काही मिळेना, आणि ती उपाशी भिंत आतलंच खाऊ लागली. मिस्त्री सकाळी उठून पहिल्यांदा भिंतीला हात लावायचा. ती वासराच्या नाकासारखी गार आणि ओलसर लागायची. तो हात पटकन मागे घ्यायचा, जणू लावलाच नव्हता.

"कसं वाटतंय?" तो कोनाड्यापाशी जाऊन विचारायचा.

"ऊब आहे हो," ती म्हणायची.

"खरं सांग."

"खरंच. पाठीला छान वाटतंय. जा तुम्ही कामाला."

एकदा त्याने विचारलं, "शेगडी आणू का? धुराडं काढतो बाहेर." तेव्हा ती म्हणाली, "नको. एवढी सुंदर भिंत, तिला भोक कशाला पाडता?" तिचे गाल लालसर दिसत होते. मिस्त्रीला वाटलं, घर मानवलं हिला. तापाने गाल लाल होतात हे लहान पोरालाही कळतं. पण माणसाला जे पाहायचं असतं तेच तो पाहतो, हेही तितकंच खरं आहे.

त्यांची लेक दुसऱ्या शहरात शिवणाच्या कारखान्यात कामाला होती. फोनवर आईचा आवाज ऐकून ती न सांगता आली. मिस्त्री टाकीवरून पाण्याची बादली घेऊन येत होता. दारात पोचला तर लेक कोनाड्यावर वाकली होती आणि तिने रजई पार पायापर्यंत ओढून काढली होती. आत बायको, आणि बायकोच्या अंगात तो निळा कोट. गळ्यापर्यंत बटणं लावलेला, बाह्या ओढून बोटं आत घेतलेली. मिस्त्री बाहेर गेला की घालायची, तो आला की रजई वर ओढून घ्यायची. रात्री तो झोपला की पुन्हा अंगावर.

"हळू बोल गं," ती लेकीला सांगत होती. "बाबांना सांगू नकोस. त्यांनी किती हौसेने बांधलंय."

बादली मिस्त्रीच्या हातातून कधी सुटली ते त्याला कळलं नाही. पाणी फरशीवरून कोनाड्यापर्यंत गेलं.

दवाखान्यात तिला गरम खोली मिळाली. छाती भरली होती. मिस्त्री उशाशी बसून तिची बोटं चोळत राहिला. शुद्धीत होती तेव्हा ती एकदा म्हणाली, "भिंतीला दोष देऊ नका. तिची पहिलीच वेळ आहे." तिला बहुधा हसवायचं होतं त्याला. त्याला हसता आलं नाही, आणि ते पुढे त्याला फार लागलं, की तिचा शेवटचा विनोद आपण वाया घालवला. धुकं उठायच्या आत ती गेली.

सगळं उरकल्यावर लेक त्याच्यासमोर उभी राहिली. रडून डोळे सुजले होते, पण आवाज कोरडा होता. "बाबा, जे घर तुम्ही परक्याला दिलं नसतं ना, ते आईला दिलंत," एवढंच म्हणाली आणि पिशवी उचलून गेली. मिस्त्रीने मान खाली घातली.

त्यानंतर मिस्त्री त्या घरात झोपला नाही. शेजारी अवजारांची पत्र्याची शेड होती, तिथे त्याने फळ्यांवर अंथरूण टाकलं. पांघरायला निळा कोट. कामाची सवय मात्र सुटत नाही. रोज सकाळी तो घरात जाऊन काचेवरचे जाड पडदे वर करायचा, संध्याकाळी सोडायचा. उन्हाळा आला, झडप उघडली, पाइपातून गार वारा यायला लागला. बाहेर जीव नकोसा होत होता आणि आत रिकाम्या घरात सुरेख गारवा होता. भिंत खात होती. भंगारवाला रोज येऊन बसायचा. एकदा त्याने तो कोट दोरीवरून काढला, तेव्हा मिस्त्री त्याच्या अंगावर धावून गेला. "त्याला हात लावायचा नाही!" दोस्ताने कोट परत ठेवला आणि दोघं चहा प्यायले.

पुन्हा हिवाळा आला. एका सकाळी पडदे वर करायला गेला तेव्हा दारातच त्याच्या तोंडाला ऊब लागली. त्याने भिंतीला हात लावला. नुकत्याच भाकरी काढलेल्या तव्याजवळ हात धरावा तशी ती लागली. अख्ख्या घराला एक काडी जाळलेली नव्हती. इतकं चांगलं घर त्याने आजवर बांधलं नव्हतं. "वरातीमागून घोडं," तो भिंतीला म्हणाला, आणि परत जाऊन शेडमध्ये बसला. आईला जाऊन वर्ष झालं म्हणून लेक आली होती. तिनेही भिंतीला हात लावून पाहिला, ओठ आवळले आणि म्हणाली, "बाबा, आत झोपत जा." तो "झोपतो" म्हणाला. झोपला नाही.

त्याच सुमारास गिरणीवाल्याची भानगड उभी राहिली. पिठाची गिरणी चालवणारा हा तरुण गडी. त्याचं घर मिस्त्रीने नुकतंच पुरं केलं होतं, तेही उशिरा. ते राहत होते त्या खोलीचं छप्पर बसलं, आणि घरात म्हातारा बाप, दम्याने बेजार, आयुष्यभर बसमध्ये कंडक्टरकी केलेला. गिरणीवाला किल्ली मागायला आला.

"मिळणार नाही," मिस्त्री म्हणाला.

"अहो, घर माझं आहे!"

"घर तुझं आहे. भिंत अजून तुझी नाही. तिने उन्हाळा खाल्लेला नाही."

"मग बापाला काय रस्त्यावर झोपवू? तुमच्या भिंतीला काय धाड भरलीय? तुम्ही स्वतः नाही का राहायला गेलात पहिल्याच हिवाळ्यात?"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. भंगारवाला उठून उभा राहिला. मिस्त्री मात्र चिडला नाही. तो म्हणाला, "गेलो होतो. म्हणूनच सांगतोय." मग बराच वेळ त्याने खिशात हात घालून चाचपलं आणि आपल्या घराची किल्ली काढून गिरणीवाल्याच्या हातावर ठेवली. "हिवाळाभर इथे राहा. ही भिंत खाऊन बसलीय. म्हाताऱ्याला कोनाड्यात झोपव."

त्याच संध्याकाळी कंडक्टर आला. आत शिरताच त्याने काचांवरून हात फिरवला आणि ओरडला, "अरे, ही तर आपल्या गाडीची खिडकी! या कडीने माझं बोट चेमटवलं होतं!" सून हसली, नातवंडं खिडकीला लोंबकळली, म्हाताऱ्याने "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत सगळ्यांना जागा वाटून दिल्या. बाहेर शेडमध्ये मिस्त्रीला ते ऐकू येत होतं. त्याने कोट कानावर ओढला.

काही दिवसांनी धुकं उतरलं, गेल्या वर्षीसारखंच. मिस्त्रीची झोप उडाली. एका सकाळी तो पडदे उघडायच्या निमित्ताने आत गेला. मंडळी कामाला, शाळेला गेली होती. म्हातारा एकटाच कोनाड्यात, रजई हनुवटीपर्यंत घेऊन पडला होता.

"कसं वाटतंय?" मिस्त्रीने विचारलं.

"ऊब आहे हो," म्हातारा म्हणाला.

अगदी तेच शब्द. "खरं सांगा," मिस्त्री म्हणाला.

"खरंच सांगतोय की."

मिस्त्रीचा विश्वास बसला नाही. पुढे होऊन त्याने रजई उचलली आणि हात आत घातला. स्वेटर आहे का, शाल आहे का, काही लपवलंय का, असं चाचपत तो हात म्हाताऱ्याच्या पाठीपर्यंत गेला. पातळ सुती सदरा, तोही घामाने ओलसर. पाठ गरम. भिंत गरम. म्हाताऱ्याच्या बोटांना हात लावून पाहिला, तीही गरम.

"अहो, काय तिकीट तपासताय की काय?" म्हातारा गुदगुल्या झाल्यासारखा हसला. मग मिस्त्रीचं तोंड पाहून हसायचा थांबला. "काय झालं? काही हरवलंय का?"

"नाही," मिस्त्री म्हणाला. त्याने रजई परत नीट घातली, पायांखाली खोचली, आणि दाराकडे गेला. दार उघडून उंबऱ्यातच थबकला, कारण पुढचं त्याला दिसेनासं झालं होतं. धुकं पायाशी आत शिरत होतं.

"मिस्त्री, दार लावा हो," कोनाड्यातून आवाज आला. "ऊब बाहेर जातेय."

मिस्त्रीने बाहेर होऊन दार घट्ट ओढून लावलं. मग तिथेच पायरीवर बसला, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा, तोंडावर दोन्ही हात घेऊन मोठमोठ्याने रडला.